दादरचा पडदा

येत्या ३ मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’चे पुन्हा एकदा स्मरण होईल, दादासाहेब फाळके यांच्या तसबिरीला हार पडतील. हा चित्रपट घडला दादर मेन रोडवरच्या त्यांच्या बिऱ्हाडात. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा मंडळींचा स्वयंपाक रांधत आणि रात्री फिल्मची कामे उरकत. मात्र १९१३ साली तो पाहायचा, तर दादरकराला गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहाची वाट धरावी लागे. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेले दादर तेव्हा शहराबाहेरचे, अजून पुरते न वसलेले उपनगर होते.

पुढे या उपनगराने उणीव व्याजासकट भरून काढली. प्लाझा, कोहिनूर, चित्रा, ब्रॉडवे, शारदा, हिंदमाता. सगळी चित्रपटगृहे चालत गाठता येणारी. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार स्टॉलच्या रांगेत आणि हिंदू कॉलनीतले कुटुंब बाल्कनीत, पडदा एकच. १९७१मध्ये दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ कोहिनूरमधून काढून ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक कोंडके यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘सोंगाड्या’ राहिला आणि रौप्यमहोत्सव करून गेला. आपल्या वस्तीतल्या पडद्यावर आपला हक्क आहे असे लोकांना वाटत होते, हे त्या भांडणातले खरे बळ. (आज कोणत्या स्क्रीनसाठी कोण रस्त्यावर येईल?) १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत प्लाझाही होरपळले, तरी ते पुन्हा उभे राहिले.

चित्रा मात्र मे २०१९मध्ये मिटले. शेवटचा चित्रपट टायगर श्रॉफचा, ‘स्टुडंट ऑफ द इयर २’. त्याच्या वडिलांचा ‘हीरो’ याच पडद्यावर गाजला होता. मालकांना दोष देऊन भागणार नाही. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळ लावला तरी विजेचे बिल, पगार आणि मालमत्ता कर चुकत नाही. सिनेमागृहाच्या जागी दुसरे काही बांधताना लहान का होईना पडदा ठेवा, असे सरकार सांगते. तो चालावा कसा, यावर मात्र गप्प बसते. मराठी चित्रपटाला असलेली करमणूक कराची माफीही २०१७मध्ये जीएसटीच्या पोटात गेली. सप्टेंबर २०२५मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण मॉलमध्ये त्या दराची खुर्ची शोधावी लागते. ही सवलत खरी उपयोगाची आहे ती एकपडदा चित्रपटगृहांना, आणि तीच झपाट्याने कमी होत आहेत.

उद्यान आणि वाचनालय जसे वस्तीची गरज मानले जाते, तसेच परवडणाऱ्या तिकिटाचे चित्रपटगृहही मानावे. शंभर रुपयांच्या आत तिकीट ठेवणाऱ्याला राज्याने आपल्या वाट्याचा जीएसटी परत करावा, पालिकेने मालमत्ता करात सूट द्यावी. आणि मराठी चित्रपटाला थिएटर मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्या वाचकांनी तो लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिकीट काढावे. दुसऱ्या आठवड्यात तो तिथे असेलच असे नाही.