तिसरीपासून एआय येतंय. आधी शाळेतला बंद संगणक पोरांना उघडून दाखवा

पुणे : इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, आणि संगणकीय विचारपद्धती शिकवणार, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं. सुरुवात 2026-27 या शैक्षणिक वर्षापासून. घोषणा मोठी आहे. पण वाडीवस्तीवरच्या शाळेत एखाद्या पोराला विचारून बघा, ‘यातला संगणक कुठला?’ बहुतेक पोरं पडद्याकडे बोट दाखवतील. खरं काम चालतं ते शेजारच्या डब्यात, आणि त्याचं झाकण उघडलेलं त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

यूडायस प्लसच्या 2024-25 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 64.7 टक्के शाळांत संगणकाची सोय आहे. आदल्या वर्षी हाच आकडा 57.2 टक्के होता. म्हणजे यंत्रं वाढतायत. मात्र पोरांना त्यातलं काय कळतं, हे या आकड्यांतून समजत नाही.

पाटी, वही आणि डीपी

लहान मुलांना आतले भाग समजावणं अवघड नाही, गावातलेच दाखले पुरतात. रॅम म्हणजे पाटी. काम चालू असेपर्यंत लिहायचं, मग पुसायचं. हार्ड डिस्क म्हणजे वही, लिहिलेलं टिकतं. लाईट गेली की सेव्ह न केलेलं काम का जातं, याचं उत्तर इथंच मिळतं. ते पाटीवर होतं, वहीत उतरवलंच नव्हतं. तुम्ही ही बातमी ज्या मोबाईलवर वाचताय, त्याच्या खोक्यावर 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज असं काहीतरी छापलेलं असतं. तीच पाटी आणि तीच वही.

प्रोसेसर हा हिशेब करणारा. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके घेतो. एवढं पळाल्यावर तो तापणारच, म्हणून ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखी त्याच्यावर धातूची पट्ट्यापट्ट्यांची जाळी आणि पंखा असतो. मदरबोर्ड म्हणजे या सगळ्यांना जोडणारे रस्ते. पॉवर सप्लाय ही घरची डीपी. भिंतीतले 230 व्होल्ट उतरवून ती 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुढे देते. बोर्डावरचा गोल सेल घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की जुना संगणक भलतीच तारीख दाखवतो.

हे डोळ्यांनी पाहिलेलं पोर मोबाईलला जादूचा डबा समजत नाही. हे माणसाने बनवलेलं यंत्र आहे, दिलेल्या सूचनांवर चालतं, आणि चुकूही शकतं, हे त्याला कळतं. उद्या एआयने ठोकून दिलेलं उत्तर खरं की खोटं, असा प्रश्न तेच पोर विचारेल. तिसरीत एआय शिकवण्याआधी हा पाया हवा, तो यासाठी.

दाखले पुण्यातच आहेत

1980 च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. त्यातल्या मुख्य चिपा परदेशी बनावटीच्या होत्या. पण अशा अनेक चिपा जोडून एकाच वेळी कामाला कशा लावायच्या, ती अक्कल इथली होती. आत काय चाललंय हे माहीत असणाऱ्यांनाच ते जमलं.

पुण्यातल्याच आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून मुलांना वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हीच तिथली रीत. महागडं सामान नसेल तर शिकवता येत नाही, हा समज या दोन्ही ठिकाणी केव्हाच खोटा ठरला आहे.

अडतंय कुठं?

अडचण पैशांपेक्षा कागदाची जास्त आहे. शाळेतला संगणक जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकला चढलेला असतो. बंद पडला तरी निर्लेखन होईपर्यंत त्याला हात लावायला गुरुजी कचरतात. उद्या तपासणीत एखादा भाग कमी भरला, तर जबाब कोण देणार? त्यांची भीती खोटी नाही. म्हणून यंत्र कपाटात धूळ खातं आणि पोरं पुस्तकातलं चित्र पाहून नावं पाठ करतात.

गंमत म्हणजे, कधीकधी बिघाड किरकोळ असतो. रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवला किंवा पंख्यातली धूळ काढली, तरी संगणक सुरू होतो. गावोगावचे दुरुस्तीवाले हे रोज करतात.

उघडताना ही काळजी घ्या

झाकण मोठ्यांनी उघडायचं, वायर सॉकेटमधून काढूनच. पॉवर सप्लायचा डबा आणि जुना जाड काचेचा मॉनिटर मात्र कधीच उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते. फुगलेल्या बॅटरीला हात लावू नये. गोल सेल सगळ्यात आधी काढून ठेवावा, लहान मूल तो गिळू शकतं. शेवटी साबणाने हात धुवावेत. उरलेले सुटे भाग जाळू नयेत, भंगारातही विकू नयेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवेत.

गावाच्या हातात काय?

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या बैठकीत पालकांनी दोनच गोष्टी विचारायच्या. शाळेतले किती संगणक बंद आहेत? आणि त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेला आहे का? गेला नसेल तर ठराव करून पाठवा, आणि ‘एक संच मुलांना शिकवण्यासाठी शाळेतच ठेवावा’ ही ओळ त्यात घाला. मंजुरी येईपर्यंत गावातल्या दुरुस्तीवाल्याला एक तास शाळेत बोलवा. त्याच्याकडे एखादा बाद झालेला मदरबोर्ड असतोच.

एआयचं पुस्तक यायचं तेव्हा येईल. संगणकाचं झाकण उघडायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.