पोस्टरला भाव आला, नोंद कोण ठेवणार?

एकेकाळी रद्दीत जाणारी जुन्या चित्रपटांची पोस्टर्स आज संग्राहकांच्या तिजोरीत आणि लिलावाच्या मंचावर पोहोचली आहेत. मात्र या कागदाची जन्मतारीख, त्याचा छापखाना आणि त्याचा चित्रकार यांची नोंद ठेवणारी यंत्रणा अजूनही तोकडीच आहे. मूकपटांच्या काळातील पोस्टर्स शंभरी ओलांडू लागली असताना ही उणीव अधिकच महागात पडण्याची चिन्हे आहेत.

मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे, पितळी दिवे आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या शेजारी जुन्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टर्सचे गठ्ठे दिसतात. गिऱ्हाईक एखादे पोस्टर उलगडते आणि पहिला प्रश्न विचारते, 'ओरिजिनल आहे का?' उत्तर बहुधा होकारार्थीच असते. ते पोस्टर कोणत्या वर्षी, कोणत्या छापखान्यात छापले गेले, मूळ चित्र कोणी रंगवले आणि आजवर ते कोणाकोणाच्या हातांतून फिरले, हे विचारले तर मात्र विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघेही सारखेच निरुत्तर होतात. दुर्मिळ पोस्टर्सच्या संग्रहाचा छंद गेल्या काही दशकांत फोफावला. त्याचे सर्वांत दुबळे अंग या मौनात आहे.

चित्रपट गेला, पोस्टर उरले

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटाची जाहिरात प्रामुख्याने शब्दांवर विसंबून होती. चित्रमय पोस्टरची वाट भारतात रुळवली ती कोल्हापुरात. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवण्यात मुरलेला त्यांचा हात चित्रपटाच्या जाहिरातीकडे वळला नसता तरच नवल. त्यांच्या 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचे पोस्टर हे उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रमय पोस्टर्समध्ये सर्वांत जुने मानले जाते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात'चे आधारस्तंभ झाले. मराठी चित्रपटाच्या आरंभी कुंचला आणि कॅमेरा अशा रीतीने एकाच घरात नांदत होते.

बाबूराव पेंटर यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचीही एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत, दमट हवेत विरघळत आणि त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकल्याही जात. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. अशा वेळी त्या चित्रपटांचा दृश्य पुरावा म्हणून उरतात ती स्थिरचित्रे, गाण्यांच्या पुस्तिका आणि पोस्टर्स. नायिकेचा पेहराव, त्या काळची अक्षरवळणे, नटनट्यांच्या नावांचा क्रम, निर्मात्याने प्रेक्षकाला दाखवलेले आमिष ही सारी माहिती त्या एका कागदावर असते. एरवी शोभेची वस्तू ठरणारे पोस्टर येथे इतिहासाच्या साधनाचे मोल धारण करते.

रद्दी ते लिलाव

हा कागद टिकावा अशी त्याच्या निर्मात्यांची इच्छाच नव्हती. निर्मात्याने पोस्टर छापून घ्यायचे, ते वितरकाकडे जायचे आणि चित्रपटगृहाच्या गावात भिंतीवर खळ लावून चिकटवले जायचे. पुढच्या शुक्रवारी त्यावर दुसरे पोस्टर चढे. म्हणजे जे वापरले गेले, ते नष्ट झाले. आज संग्रहांत आहेत ती मुख्यतः न वापरलेली पोस्टर्स आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील 'नाझ' इमारतीसारख्या ठिकाणी वितरकांची कचेरी आणि गोदामे होती. अशी गोदामे रिकामी होताना शिल्लक गठ्ठे रद्दीच्या भावाने बाहेर पडले. त्यांतले जे काही एखाद्या चाणाक्ष दुकानदाराच्या किंवा वेड्या संग्राहकाच्या नजरेस पडले, तेवढे वाचले. बाकीच्यांचा लगदा झाला.

या वेड्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. तोवर बोलपटालाच तीन दशके उलटून गेली होती. त्या काळातील कागद ज्यांनी घरच्या पलंगाखाली आणि माळ्यावर जपला, त्यांना तेव्हा कोणी शहाणे म्हटले नसेल. २००२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भारतीय चित्रपटांच्या दृश्यकलेवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हा या कागदाकडे पाहण्याची दृष्टी पालटू लागली. परदेशातील दिवाणखान्यांत हिंदी चित्रपटांची पोस्टर्स लागली, त्यापाठोपाठ मुंबईतील उपाहारगृहांतही.

पाश्चात्त्य बाजारातील आकडे अर्थातच वेगळ्या कोटीचे आहेत. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या जर्मन चित्रपटाचे पोस्टर २००५ मध्ये ६ लाख ९० हजार डॉलरना विकले गेले. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'च्या पोस्टरला २०१७ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार ८०० डॉलर मिळाले. दोन्हींच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ठाऊक आहेत. केवळ दुर्मिळतेने मात्र हा भाव येत नाही. प्रत कोणती, कोणत्या छपाईची, आजवर कोणाकडे होती, दुरुस्ती कोठे झाली याचा तपशील तेथे वस्तूबरोबर फिरतो. अमेरिकेत १९४० पासून बहुसंख्य स्टुडिओंची पोस्टर्स नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या एकाच संस्थेमार्फत वितरित होऊ लागली. पोस्टरच्या खालच्या कडेला वर्ष आणि अनुक्रमांक छापला जाई. त्यामुळे आजचा संग्राहक तो कोपरा पाहून मूळ छपाई आणि पुनःप्रदर्शनाची छपाई यांत फरक करू शकतो. भारतात अशी मध्यवर्ती व्यवस्था कधीच नव्हती. जितके निर्माते आणि वितरक, तितके छापखाने, असा मामला होता.

एक चित्रपट, अनेक जन्म

भारतीय पोस्टरच्या बाबतीत 'ओरिजिनल' हा शब्द फसवा ठरतो, तो यामुळेच. आपल्याकडे लोकप्रिय चित्रपट पुन्हापुन्हा प्रदर्शित होत. 'मदर इंडिया' १९५७ चा. पण तो वर्षानुवर्षे गावोगावी फिरत राहिला. 'मुघल-ए-आझम' १९६० मध्ये आला आणि २००४ मध्ये रंगीत होऊन परतला. 'शोले' १९७५ चा. त्याची त्रिमिती आवृत्ती २०१४ मध्ये झळकली. प्रत्येक पुनःप्रदर्शनाला नव्या पोस्टर्सची गरज लागे. पुनःप्रदर्शनाचे पोस्टर खोटे नसते. तेही चित्रपटाच्या व्यवसायाचा अस्सल भाग असते आणि त्यालाही त्याचे स्वतःचे मोल आहे. फसवणूक होते ती ते पहिल्या प्रदर्शनाचे म्हणून विकले जाते तेव्हा. त्यापुढची पायरी म्हणजे संगणकावर प्रतिमा उतरवून काढलेल्या आणि चहाच्या पाण्याने 'जुन्या' केलेल्या नकला.

जाणकार संग्राहक अशा वेळी कागदालाच बोलते करतात. खालच्या कडेला वितरकाचा किंवा छापखान्याचा पत्ता असेल, तर तो पहिला साक्षीदार. भारतात सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी 'मुंबई ४' असा विभागक्रमांक लिहिला जाई. साहजिकच १९५५ चे म्हणून दाखवलेल्या पोस्टरवर '४०० ००४' असे आकडे आढळले, तर पुढे बोलणेच खुंटते. चित्रपट प्रमाणनातील 'यूए' हा वर्ग १९८३ मध्ये आला, हीसुद्धा अशीच एक खूण. भिंगाखाली पाहिले तर जुन्या शिळाछापाची दाणेदार पोत, ऑफसेटचे शिस्तबद्ध ठिपके आणि संगणकीय छपाईचा विखुरलेला फवारा वेगवेगळे ओळखू येतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून मिसळली जाणारी रसायने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. मूकपटाचे पोस्टर असे चमकू लागले, तर शंका घ्यायला हवी.

या कसोट्यांना मर्यादाही आहेत. पिनकोड आढळला तर पोस्टर जुने नव्हे हे सिद्ध होते. पण तो नाही म्हणून पोस्टर जुनेच, असे म्हणता येत नाही. खात्रीचा पुरावा मिळतो तो तुलनेतून. त्यासाठी एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या छपायांची सचित्र, सर्वांना पाहता येईल अशी सूची हवी. घोडे पेंड खाते ते नेमके येथे.

सही कोणाची?

नोंदीच्या अभावाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती चित्रकारांनी. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले, हे सर्वज्ञात आहे. कारण ते पुढे हुसेन झाले. फलकावरच आयुष्य काढणाऱ्यांचे काय? कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी 'मुघल-ए-आझम'ची जाहिरातचित्रे रंगवली. एस. एम. पंडित यांच्या कुंचल्याने चित्रपटाच्या जाहिरातीला अभिजात चित्रकलेचा डौल दिला. दिवाकर करकरे यांनी 'दीवार'सारख्या चित्रपटांच्या पोस्टरवर सुरीने रंगाचे जाड थर चढवून नायकाचा संताप थेट कागदावर उतरवला. ही नावे निदान अभ्यासकांना तरी ठाऊक आहेत. असंख्य पोस्टर्सवर सहीच नाही. जेथे आहे तेथे ती बहुधा स्टुडिओची असते. त्या स्टुडिओत मालकाच्या हाताखाली चेहरे रंगवणारा एक, अक्षरे काढणारा दुसरा आणि पार्श्वभूमी भरणारा तिसरा असे. त्यांची नावे कोठेच उतरली नाहीत.

छपाईनंतर मूळ रंगचित्राला कोणी विचारत नसे. पुढे छायाचित्रांची जुळवाजुळव आणि त्यानंतर फ्लेक्स आले, तेव्हा हाताने रंगवणाऱ्यांचा धंदाच बसला. आज ज्या कागदाला भाव आला आहे, त्या व्यवहारात चित्रकाराच्या घरी काही पोहोचत नाही. पैसा पोहोचणे ही पुढची गोष्ट झाली. निदान नाव तरी पोहोचावे, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्या पिढीतील जे मोजके कलावंत आणि कारागीर हयात आहेत, त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्यासाठी फार वेळ उरलेला नाही.

शंभर वर्षांची रेषा

या प्रश्नाला आता कायद्याचीही किनार आली आहे. पुरातन वस्तू व कलाकृतींसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकृती वा कारागिरीची वस्तू 'पुरातन' ठरते. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेखेरीज कोणालाही देशाबाहेर नेता येत नाहीत. 'कल्याण खजिना'च्या पोस्टरने २०२४ मध्ये शंभरी गाठली. दरवर्षी मूकपटांच्या काळातील आणखी काही कागद ही रेषा ओलांडणार आहेत. छापील पोस्टरला कलाकृती मानायचे की दस्तऐवज, हे कायद्याच्या शब्दांत स्पष्ट नाही. दस्तऐवज मानले, तर 'संत तुकाराम'सारख्या १९३६ च्या बोलपटाची पोस्टर्सही त्या कक्षेत येतील. ज्या वस्तूची जन्मतारीखच नोंदलेली नाही, तिला वयाची अट लावणार कशी, हा त्यापुढचा पेच.

दुसरीकडे, ग्रंथालयांना प्रकाशने देण्यासंबंधीच्या १९५४ च्या कायद्यात पुस्तके, नकाशे, आराखडे यांचा समावेश आहे. पोस्टरचा उल्लेख नाही. फ्रान्समध्ये छापील भित्तिपत्रकांच्या प्रतीही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा कराव्या लागतात. आपल्याकडे तसे बंधन असते, तर आजचा निम्मा गोंधळ टळला असता.

प्रयत्नच झाले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पोस्टर्स आणि पुस्तिकांचा मोठा ठेवा जमवला. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबईत २०१४ पासून कार्यरत असलेले फिल्म हेरिटेज फाउंडेशन फितींबरोबर कागदही जपत आहे. पेडर रोडवरील गुलशन महालात २०१९ मध्ये भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय उघडले. मात्र सार्वजनिक संस्थांकडील ठेवा आणि खासगी संग्रह यांना जोडणारी समान सूची उभी राहिल्याखेरीज या प्रयत्नांना पूर्णता येणार नाही. खासगी संग्राहक आपला साठा उघड करायला कचरतात. चोरीची भीती, करांची धास्ती आणि नव्या कायद्याचा संशय ही त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मालकी संग्राहकाकडेच ठेवून केवळ प्रतिमा आणि तपशील जमा करण्याची हमी मिळाली, तर हा संकोच बराचसा दूर होईल.

तोवर करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. ज्यांच्या घरी जुनी पोस्टर्स आहेत, त्यांनी ती लॅमिनेट करू नयेत आणि फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नये; या दोन उपायांनी कसरीपेक्षा अधिक पोस्टर्स नासवली असतील. आम्लविरहित कागदात, सपाट आणि कोरड्या जागी ती ठेवावीत. आणि मागे नव्हे, तर सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे, की हे पोस्टर कोठून आले, कधी आले आणि कोणी दिले. या चार ओळींना खर्च येत नाही. पुढच्या पिढीच्या हाती हा कागद जाईल, तेव्हा त्याची किंमत ती नव्याने ठरवीलच. त्याची हकिगत मात्र तिला नव्याने लिहिता येणार नाही.