मिलवाल्यांचं पत्र पोचतं, आपलं का पोचत नाही?



आज पिकावर नाही, कापसाच्या आयात शुल्कावर लिहितो. तारखा नीट बघा, सगळं त्यातच आहे.

फेब्रुवारी २०२१ च्या बजेटात बाहेरच्या कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क लागलं. ते काढा म्हणून कापड उद्योगाच्या संघटना मागं लागल्या. २०२२ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर माफी मिळाली. मग १८ ऑगस्ट २०२५ ला परत आदेश निघाला, ३० सप्टेंबरपर्यंत शुल्क माफ. आपल्याला वाटलं, चला, वेचणीच्या आत संपतंय. पण दहाच दिवसांनी, २८ ऑगस्टला मुदत थेट ३१ डिसेंबर केली. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात यायचा नेमका काळ!

मिलवाल्यांची अडचण खोटी नाही. अमेरिकेनं २७ ऑगस्टपासून ५० टक्के टॅरिफ लावला, कपड्याची निर्यात अडली, तिथं कामगारांचंही पोट आहे. पण त्यांना मदत करायची तर सरकारी तिजोरीतून करा ना. कापूसवाल्याच्या भावातून कशाला?

कोणी म्हणेल, अतिलांब धाग्याचा कापूस आपल्याकडं कमी पिकतो. बरोबर. पण ३२ मिमीपेक्षा लांब धाग्यावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढलं होतं. २०२५ मध्ये माफी मिळाली ती आपण पिकवतो त्याच कापसाला.

हमीभाव आहे की, असंही म्हणतील. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८११० रुपये होता. पण सीसीआयला १२ टक्क्यांवर ओलावा चालत नाही. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेला कापूस आणि दिवाळीचा खर्च, मग माणूस व्यापाऱ्याच्याच काट्यावर जातो. तिथं भाव बाहेरच्या गाठी बघून ठरतो.

मागणी करणं हा गुन्हा नाही. त्यांची संघटना आहे, दिल्लीत ऑफिस आहे, आकडे मांडणारी माणसं आहेत. शुल्क माफ करायला अर्थ मंत्रालयाची एक अधिसूचना पुरते, आधी संसदेत मतदान लागत नाही. कोणी कोणासाठी, कोणत्या मुद्द्यावर, कोणत्या सरकारी खात्याकडं लॉबिंग केलं, हे उघड करायचा अमेरिकेत १९९५ चा कायदा आहे. आपल्याकडं तसा कायदाच नाही.

म्हणून माझ्या मते दोन गोष्टी मागायला पाहिजेत. एक, ऑक्टोबर ते मार्च कापसाच्या शुल्काला हात लावायचा नाही. दोन, असा निर्णय घेण्याआधी कोणाची निवेदनं आली ते जाहीर करायचं आणि शेतकऱ्यालाही विचारायचं.

ग्रामसभेत ठराव घ्या, खासदाराला द्या आणि पोच घ्या. खासदार गावात आले की हार घालायच्या आधी एवढंच विचारा, "साहेब, ऑगस्टमध्ये कापसासाठी तुम्ही कोणाला पत्र लिहिलं? दाखवा."

तुमच्याकडं कापूस काय भावानं गेला ते तारखेसकट खाली लिहा. ठरावाला जोडायला तेच आकडे कामी येतील.