एका गाण्याचे मानकरी

गेल्या पंधरवड्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या घरांतील तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर एक इंग्रजी गाणें लावून बसली होती. माजघरांत वाती वळीत असलेल्या आमच्या मातोश्रींच्या कानीं तें पडलें. त्यांतील एक शब्दही त्यांस कळण्याचा संभव नव्हता, परंतु सूर ऐकून त्या म्हणाल्या, "कोणी तरी मोठ्या पश्चात्तापानें गात आहे. गाणें कोणाचें रे हें?" मुलांनीं तत्काळ वाद्यवृंदाचें नांव सांगितलें. आम्हांस मात्र तेवढ्यानें समाधान वाटलें नाहीं. शोध घेऊं लागलों तेव्हां आढळून आलें कीं, मातोश्रींचा प्रश्न दिसला तितका सोपा नव्हता. ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

तें गाणें म्हणजे 'द हाउस ऑफ द रायझिंग सन', अर्थात् उगवत्या सूर्याचें घर. न्यू ऑर्लिन्स शहरांतील त्या नांवाच्या एका घरानें आपल्या आयुष्याचा कसा नाश केला हें गाणारा त्यांत सांगतो, आणि इतरांनीं तरी त्या वाटेस जाऊं नये अशी विनवणी करितो. तें घर जुगाराचा अड्डा होतें, बदनाम वस्तींतील होतें कीं तुरुंगच होता, याविषयीं अभ्यासकांत एकवाक्यता नाहीं. इंग्लंडांतील न्यूकॅसल या कोळशाच्या व जहाजबांधणीच्या शहरांतील 'द ॲनिमल्स' नांवाच्या पांच तरुणांनीं १९६४ सालीं तें रॉक पद्धतीनें गाइलें, आणि तें जगभर गाजलें.

परंतु या पांच जणांपैकीं कोणाचाही जन्म झाला नव्हता तेव्हांपासून हें गाणें अमेरिकेंतील डोंगराळ मुलुखांत गाइलें जात होतें. त्याचें पहिलें ज्ञात ध्वनिमुद्रण १९३३ सालचें. तें क्लॅरेन्स ॲश्ले व ग्वेन फॉस्टर या दोघांनीं केलें. आपण तें आजोबांपासून शिकलों असें ॲश्ले सांगत असे. पुढें १९३७ सालीं लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स हे अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयातर्फें केंटकी प्रांतांत हिंडत असतां मिडल्सबरो गांवीं आले. तेथें जॉर्जिया टर्नर नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें हें गाणें त्यांस म्हणून दाखविलें. ती एका खाणकामगाराची मुलगी होती. १९४१ सालीं लोमॅक्स पितापुत्रांनीं आपल्या ग्रंथांत तें छापलें, व कोणाकडून मिळालें हेंही नमूद केलें. तेथून तें वुडी गथ्री, लेड बेली, जॉश व्हाइट इत्यादि गायकांच्या मुखीं गेलें.

त्यापुढील कथा थोडी विनोदी, थोडी खेदकारक आहे. न्यूयॉर्कमधील डेव्ह व्हॅन राँक या गायकानें आपल्या परीनें या गाण्याची नवी बांधणी केली होती, आणि ती ध्वनिमुद्रित करण्याचा त्याचा विचार होता. इतक्यांत त्याचा तरुण मित्र बॉब डिलन यानें तीच बांधणी आपल्या पहिल्या तबकडींत गाऊन टाकली. ही तबकडी १९६२ सालीं प्रसिद्ध झाली. मग व्हॅन राँक गाऊं लागला कीं लोक म्हणत, "हें तुम्ही डिलनचें उचललेंत." बिचाऱ्यानें गाणेंच सोडून दिलें. पुढें 'ॲनिमल्स'ची तबकडी निघाल्यावर लोक डिलनलाही तसेंच म्हणूं लागले, आणि त्यानेंही तें गाणें सोडलें, असें व्हॅन राँक हंसून सांगत असे.

न्यूकॅसलच्या मंडळींस गाणें मिळालें कोठून, याविषयीं त्यांच्यांतच दोन मतें आहेत. गायक एरिक बर्डन याच्या म्हणण्याप्रमाणें तें त्यानें जॉनी हँडल या स्थानिक लोकगायकाकडून ऐकलें. इतर डिलनच्या तबकडीकडे बोट दाखवितात. १९६४ च्या मे महिन्यांत ते चक बेरी या नामांकित अमेरिकन गायकाबरोबर दौऱ्यावर होते. त्याच्या धडाक्याच्या गाण्यांशीं स्पर्धा करण्यापेक्षां अगदीं निराळें, संथ व गंभीर कांहीं गावें म्हणून त्यांनीं हें निवडलें. श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून १८ मे रोजीं लंडनच्या एका लहानशा स्टुडिओंत निर्माते मिकी मोस्ट यांच्या देखरेखीखालीं तें एकाच दमांत मुद्रित झालें. हिल्टन व्हॅलेंटाइनच्या विजेच्या गिटारवर एकेक तार सुटी छेडीत आरंभ होतो, ॲलन प्राइसचा ऑर्गन मागून चढत येतो, आणि त्यावर बर्डनचा खडा आवाज. गाणें चार मिनिटांहून लांबलें. त्या काळीं रेडिओस तीन मिनिटें पुरेशीं वाटत. तरीही मोस्ट यांनीं इंग्लंडांत तें पूर्णच काढलें. जुलैंत तें इंग्लंडांत, व कांहीं कापून काढलेल्या रूपांत सप्टेंबरमध्यें अमेरिकेंत, विक्रीच्या यादींत पहिलें आलें.

आतां मुद्द्याची गोष्ट. तबकडीवर छापलें गेलें: पारंपरिक, संयोजक ॲलन प्राइस. पांच नांवांस कागदावर जागा नाहीं असें इतरांस सांगण्यांत आलें, अशी त्यांची तक्रार राहिली. लोकगीतावर कोणाची मालकी नसल्यामुळें कायद्यानें मानधन संयोजकास मिळतें; अर्थात् तें एकट्या प्राइसकडे गेलें. १९६५ सालीं तो वाद्यवृंद सोडून गेला; मनांतील सल मात्र चौघांच्या ठायीं दीर्घकाळ राहिला.

प्राइसचा ऑर्गन काढून घेतल्यास गाणें उणें होईल, हें आम्ही निःसंशय मानतों. परंतु गिटारवादकाची बोटें, गायकाचा गळा यांचें काय? आणि चौघांच्या तक्रारीस न्याय द्यावयाचा, तर तोच न्याय व्हॅन राँकला कां नको? सर्वांच्या मागें उभी असलेली ती खाणकामगाराची मुलगी तर १९६९ सालीं वारली. जगांत कोट्यवधि लोकांनीं ऐकलेल्या या गाण्यापासून तिच्या पदरीं अल्पस्वल्पच पडलें. तिनें तरी तें रचलें होतें काय? नाहीं; तिलाही तें कोणी तरी दिलें होतें. तथापि लोमॅक्स यांनीं तिचें नांव लिहून ठेविलें, म्हणून आज आपण तें उच्चारूं शकतों.

आमच्याकडील जात्यावरच्या ओव्यांची स्थिति निराळी नव्हती. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांबरोबर गाणारणीचें नांव व गांव टिपिलें, हें त्यांचें मोठें ऋण होय.

हें सर्व मातोश्रींस सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंगळागौरीचीं गाणीं मला आत्यानें शिकविलीं. तिचें माहेरचें नांव तुम्हां कोणाला ठाऊक आहे कां?" आम्हांस ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं थोरल्या सूनबाईंनीं एक कोरी वही आणिली. पहिल्या पानावर आत्याबाईंचें नांव लिहून झालें आहे. गाणीं मातोश्री रोज दुपारीं सांगत आहेत.