विश्लेषण : जॅझ नरिमन पॉइंटपुरताच का?

नोव्हेंबर जवळ आला की एनसीपीएतील आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवाचे वेध लागतात. मात्र लालबाग-परळच्या मित्रांना ‘येतोस का?’ विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘ते कुलाब्याच्या लोकांचं, आपलं नाही.’ मुंबईच्या जॅझचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

मुंबईत जॅझ वाजवला कुणी?

१९३५ मध्ये अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. ऐकणारे श्रीमंत होते, हे खरेच. पण पुढे या शहरात जॅझ टिकवला तो प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी धोबीतलावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांची सामायिक खोली. गिरणगावात कोकणी चाकरमान्यांच्या गाववाल्यांच्या खोल्या असत, तशीच. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचे रेकॉर्डिंग. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक होते. ‘अलबेला’ची (१९५१) गाणी आठवा. ज्यांना ‘जॅझ कळत नाही’, त्यांनी तो अशा गाण्यांतून कधीच ऐकलेला आहे!

मग दुरावा कुठे आला?

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ने जॅझ यात्रा सुरू केली. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्या वर्षी मुंबईत वाजवून गेले. ठिकाण होते धोबीतलावचे रंगभवन. उघडे आकाश, आणि गिरगावातून चालत जाता येईल इतके जवळ. पुढे ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातील मैफली बंद पडल्या. नियम चूक नाही. जीटी किंवा कामा रुग्णालयातील रुग्णाने रात्री ड्रम का सोसावेत? चूक ही, की त्या प्रेक्षकासाठी दुसरी जागा कुणी शोधलीच नाही.

बंदिस्त सभागृहाला आवाजाची ही अडचण येत नाही. त्यामुळे महोत्सवाचा एक प्रयोग, अगदी रविवारी दुपारी का होईना, गिरगावच्या साहित्य संघात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात व्हावा. तिकीट नाटकाइतके असावे. मिरवणुकीत बेंजो पार्टीपुढे तासन् तास उभा राहणारा लालबागचा पोरगा ट्रम्पेटला बिचकेल, असे मला तरी वाटत नाही.

ऐकायचे कसे?

आपल्या गाण्यासारखेच. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेक वादक तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते रचतो आणि शेवटी पुन्हा धून. ब्लूजमध्ये बहुतेकदा चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचे आवर्तन असते. बोटांवर खंड मोजत बसा. दोन-तीन फेऱ्यांत सम सापडते. टाळ्यांसाठी शेवटापर्यंत थांबायचे नाही. एका वादकाची पाळी संपली की लगेच वाजवायच्या.