मूळ इंजिन कोणते?

आजचा धागा किल्ल्यांचा नाही, शिलालेखांचाही नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कित्येक दशके उघडली गेलेली आणि पुन्हा जोडली गेलेली इंजिने, हा आजचा विषय. त्याविषयी माझी एक तक्रार आहे. ती आधीच सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘विंटेज’ वाहनाची व्याख्या घातली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन, ते विंटेज. व्याख्या सुबक आहे. पण तिच्यात एक इतिहासदृष्टी दडलेली आहे: वस्तू कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस खरा, त्यानंतरचे सारे म्हणजे झीज किंवा भेसळ. ही दृष्टी मला मान्य नाही. वाड्याला पेशवाईनंतर जोडलेला सोपा आपण इतिहास म्हणूनच वाचतो ना?

हा वाद अमेरिकेतही आहे. १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून तिथे ‘मसल कार’चे युग सुरू झाले असे सामान्यतः मानतात. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. या गाड्यांच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. एकाला इंजिनावरचा क्रमांक चॅसिसशी जुळणारा हवा. दुसरा सिलिंडर बोअर करून, कॅमशाफ्ट बदलून त्याच लोखंडातून अधिक ताकद काढतो, आणि त्याच्या करामतींवरही तिथे भरपूर लिहिले जाते. आपल्याकडे असा इतिहास लिहायचा तर आरंभ मोटारीपासून नव्हे, विहिरीपासून करावा लागेल.

पुणे-मिरज लोहमार्गावरची दोन स्थानके डोळ्यांसमोर आणा. एक किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर ती वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे त्या नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. दुसरे सातारा रोड. तिथल्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार झाले. देशी बनावटीच्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. (हेच कूपर १९३७ मध्ये साडेतीन महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. स्पर्धा परीक्षांत तेवढेच विचारतात, इंजिनाचे नाव कोणी काढत नाही.) पुढे १९४६ मध्ये किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी पुण्यात उभी राहिली.

विहिरीवर पंप आणि गुऱ्हाळात चरक फिरवणारी ही इंजिने बहुधा एका सिलिंडरची, जड फ्लायव्हीलची, हँडल मारून सुरू होणारी. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे. लोखंड जाड आणि वेग कमी, म्हणून आयुष्य अनेकदा उघडण्याजोगे. सिलिंडर झिजला की तो बोअर करायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. मापाला जागा उरली नाही की नवा लाईनर. क्रँक घासून त्याला कमी मापाची बेअरिंग. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घासून बसवायचे. अशा पिस्टनच्या माथ्यावर बहुधा आकडा ठोकलेला असतो: २०, ३०, ४०. मूळ मापापेक्षा इंचाचे तितके हजारांश भाग मोठा, असा त्याचा अर्थ. माझ्या मते तो लहानसा शिलालेखच आहे. विहीर किती वर्षे उपसली गेली, काम केव्हा निघाले, नवे इंजिन घेण्याऐवजी जुनेच का उभे केले, हे प्रश्न त्या आकड्यापासून सुरू होतात. ‘मूळ’ इंजिनाकडे त्यांची उत्तरे नसतात, कारण ते कोऱ्या कागदासारखे असते.

१९७३च्या तेलसंकटाची गंमत पाहा. आधीच विम्याच्या हप्त्यांनी आणि धुराच्या कायद्यांनी बेजार झालेल्या अमेरिकी मसल कारचा त्याने निकाल लावला. आपल्याकडे पेट्रोल महागले तेव्हा जुन्या जीप आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल इंजिने बसवली जाऊ लागली. कारण एकच, पण तिथे एक युग संपले आणि इथे गॅरेजवाल्यांना काम मिळाले. आजच्या व्याख्येनुसार त्यांतली बहुतेक वाहने वारसा ठरणार नाहीत.

डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे (यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव) येथील एका कारागिराने भंगारातून जुळवलेली, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी समाजमाध्यमांवर गाजली. नियमांत बसत नसल्याने ही गाडी कधी ना कधी अडवली जाईल, हे आनंद महिंद्रांनी तेव्हाच लिहिले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. नियमांचा हेतू मी नाकारत नाही. वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले ते रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. पण रस्त्यावर काय चालावे आणि इतिहास म्हणून काय जपावे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर परिवहन खात्याने का द्यावे?

आमच्या विहिरीवरचे इंजिन वीज आल्यावर बंद पडून राहिले आणि मी अकरावीत असताना वजनावर विकले गेले. पिस्टन तेवढा मी मागून घेतला. त्यावर ४० आहे. आधीचा २० केव्हा निघाला, हे सांगणारे आजोबा तेव्हा हयात होते. मी विचारले नाही.

तुमच्या रानात, गुऱ्हाळात असे इंजिन पडले असेल तर भंगारवाला येण्याआधी त्यावरचे आकडे, ठोकलेल्या खुणा आणि डाग दिलेल्या जागा यांचे फोटो काढा. ज्याने ते शेवटचे उघडले त्या मिस्त्रींना भेटून साल विचारून घ्या. फोटो या धाग्याखालीच टाका.