नवी सकळ लिपी

चिखलीच्या एका पदवीच्या विद्यार्थ्याने संगणकावरील एका खेळात आपल्या गावाची पाटी लावली. पाटीवर उमटले : ‘चखिली’. ह्रस्व वेलांटी संगणकात ‘च’च्या नंतर नोंदली जाते आणि डोळ्यांना मात्र ती ‘च’च्या आधी दिसावी लागते. ही उलटापालट करणारी यंत्रणा त्या खेळाजवळ नव्हती. वेलांटी निमूटपणे पुढच्या ‘ख’ला जाऊन चिकटली. हे दुरुस्त करणारे एक ‘मॉड’ कुणीतरी आधीच रचलेले होते. ते बसवण्यात त्याचे तीन दिवस गेले आणि अखेर खेळच उघडेनासा झाला. मॉड बसवणाऱ्या साधनाने त्याचे कारण सांगितले, ते एका आकड्याच्या रूपात. जाणत्या मंडळींचा सल्ला त्याहूनही त्रोटक होता : आधी शिकून ये.

आमचे भांडण या सल्ल्याशी आहे.

साहित्याच्या वाचकांना ही वस्तू परकी वाटेल, पण तिचे प्रश्न आपल्याच घरातले आहेत. मूळ खेळात खेळणाऱ्यांनीच घातलेली भर म्हणजे मॉड. आपल्या परिभाषेत प्रक्षेप. २०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’ या खेळासाठी असे हजारो प्रक्षेप रचले गेले. एकाच फाइलला दोन मॉडनी हात लावला की सामान्यतः क्रमाने शेवटी असलेले मॉड जिंकते. एक मॉड दुसऱ्यावर अवलंबून असेल आणि ते दुसरे जागेवर नसेल, तर खेळ आरंभीच कोसळू शकतो. हा सारा पसारा सांभाळणारी साधने आहेत. त्यांपैकी ‘मॉड ऑर्गनायझर’ प्रत्येक भर निराळी ठेवते आणि खेळ सुरू होताना तेवढ्यापुरते सारे एकत्र असल्याचा आभास निर्माण करते. मूळ खेळाचे फोल्डर जसेच्या तसे राहते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर संहिता आणि खाली पाठभेद असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कल्पना दोन मिनिटांत उमगेल. म्हणजे अडचण कल्पनेची नाही. ती ज्या भाषेत आणि ज्या पडद्यावर मांडली जाते, तिथे घोडे अडते.

यावर उत्तर ठरलेले असते : अवघडपणा ही गाळणी आहे, ज्याला खरी आस्था असेल तो शिकेल. बुलढाणा जिल्ह्यात बसून हे ऐकताना आम्हांला नवल वाटते. याच जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ‘लीळाचरित्रा’त येतात. चक्रधरस्वामी या मुलखात हिंडले आणि बोलले ते मराठीत. त्यांच्या पश्चात संस्कृतज्ञ केशवव्यास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. पंथातल्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. आस्था असेल तर म्हाताऱ्या संस्कृत शिकतील, असे त्यांना म्हणता आले असते. ते म्हणाले नाहीत. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी उकल होईपर्यंत इतर मराठी वाचक त्या गद्याला मुकले. पण तिथे निदान ग्रंथांच्या रक्षणाचे कारण होते. खेळातल्या पाटीचे रक्षण कुणापासून करायचे आहे?

सुरक्षिततेचे कारण कुणी पुढे करील. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला, हे खरे. पण तो पसरला तो खुद्द मॉड रचणाऱ्यांची खाती ताब्यात घेऊन. जाणकारीची गाळणी तिथे जाणकारांच्याच दारात फुटली. अशा वेळी उपयोगी पडते ती कुणालाही कळेल अशा शब्दांतली धोक्याची सूचना.

सोपे करणे म्हणजे झाकून टाकणे, असेही आम्ही म्हणत नाही. २०१२ साली याच ‘स्कायरिम’साठी ‘स्टीम वर्कशॉप’मध्ये एक कळ दाबून मॉड घेण्याची सोय झाली. ती स्वागतार्हच होती. पण दोन मॉडचे भांडण झाले की का झाले ते कळ सांगत नसे. आम्हांला हवे आहे ते वेगळे आहे. कोणते मॉड कमी आहे ते नाव घेऊन सांगा. काल जसे होते तसे परत करण्याची कळ समोर ठेवा. पडद्यावरची वाक्ये वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ती मराठीत आणता येतील. ही साधने अनेकदा स्वयंसेवक विनामूल्य घडवतात, याची जाणीव आम्हांला आहे. त्यांच्याविषयी आदरही आहे. पण फुकट वाढलेल्या ताटातही खडा लागला तर सांगावेच लागते.

आणि ती वाक्ये मराठीत आणणार कोण? इथे आमच्याच मंडळींना दोन शब्द ऐकवणे भाग आहे. अनुवादमीमांसेवर चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांपैकी किती जणांनी एका तरी सॉफ्टवेअरचा पडदा मराठीत आणला आहे? त्यातही कुणी हात घातलाच, तर ‘अवलंबित्वविरोध’ असला शब्द घडवून मोकळे होतात. इंग्रजीची कडी काढून संस्कृतची घातली, दार बंदच! ‘या मॉडला ते मॉड लागते’ हे मराठी नाही काय? ‘कोणते आधी, कोणते नंतर’ यात कमी काय आहे?

असो. त्या विद्यार्थ्याने सारे पुसून मूळ खेळ पुन्हा बसवला. पाटीवर आता तो गावाचे नाव रोमन लिपीत लिहितो.